घोडा शिकवणं आणि घोड्यावर बसायला शिकणं: विदर्भातल्या गावांतून नेहमी येणारे प्रश्न

हे प्रश्न तीन तऱ्हेच्या लोकांकडून येतात. वरातीसाठी घोडी पाळणारे, माळेगाव किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेनं शिंगरू घेऊन आलेले, आणि शहरातली नोकरी सांभाळून गावच्या वावरात एक घोडा ठेवणारे. उत्तरं एका छोट्या पागेतल्या रोजच्या कामावरून दिली आहेत. औषधाचे डोस इथे मिळणार नाहीत. ते काम जनावरांच्या डॉक्टरांचं.

शिंगरू दोन वर्षांचं झालं, अंगानं भरलं आहे. आता बसायला हरकत नाही ना?

हरकत आहे. अंग भरलेलं दिसतं ते मांस आणि खुराक. हाडं अजून कच्चीच असतात. गुडघ्याची वाढ अडीच वर्षांच्या आसपास थांबते, पण पाठीचा कणा पक्का व्हायला पाच-साडेपाच वर्षं लागतात. तीन वर्षांच्या आत पाठीवर माणूस नको. चौथं लागेपर्यंत दम धरलात तर घोडा पंधरा वर्षं जास्त कामाला येईल असं नाही, पण आठव्या वर्षी लंगडणार तरी नाही.

वय विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका, घोड्याच्या तोंडात पाहा. पुढच्या दातांपैकी मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरतं, म्हणजे पुढचे सगळे दात पक्के होतात. दुधाचे दात लहान, पांढरे आणि हिरडीपाशी निमुळते असतात. एकदा दोन्ही शेजारी शेजारी पाहिले की पुन्हा चूक होत नाही.

तोवर रिकामं बसायचं कारण नाही. मोरखी (तोंडावर बांधायचा दोर) घालून घेणं, चारी पाय उचलू देणं, खरारा करून घेणं, बांधल्यावर शांत उभं राहणं, माणसाच्या खांद्याशी चालणं, एवढं शिंगरूपणातच शिकवून होतं. ते झालेलं असेल तर पुढे खोगीर टाकणं हा एका सकाळचा विषय ठरतो.

आपल्या भागाला कोणती जात मानवते?

मारवाडी आणि काठियावाडी दोन्ही उन्हाला टिकतात. दोघांचे कान आत वळून टोकाला भिडतात. भीमथडी, म्हणजे आपला दख्खनी घोडा, उंचीला कमी पण काटक. मराठ्यांच्या घोडदळाचा बराच भार त्याच्यावर होता, आणि आता त्याला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणीही मिळाली आहे. गावात नवीनच घोडा ठेवणाऱ्यानं जातीपेक्षा स्वभाव पाहावा. सात-आठ वर्षांची शिकलेली, शांत घोडी घ्या, जात काहीही असो. नवा स्वार आणि कोरं शिंगरू ही जोडी मात्र टाळाच. दोघांपैकी एकाला तरी काम यायला पाहिजे.

माझं वजन ७८ किलो आहे. गावातल्या तट्टावर बसलो तर चालेल?

बहुतेक नाही. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत राहावं असा ढोबळ नियम आहे. घोड्याचं वजन काढायला काटा लागत नाही. शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) बसतो तिथे, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७. उत्तर किलोत येतं. घेर १५० आणि लांबी १३५ निघाली तर वजन साधारण २५५ किलो. त्याचा पाचवा हिस्सा ५१ किलो, आणि त्यातही खोगीर आलं. नवरदेव ८५ किलोचा असतो तेव्हा हा हिशेब कोणी करत नाही, ते वेगळं.

शिकवायला सुरुवात कुठून करायची?

दाब देण्यापासून, आणि त्याहून जास्त तो दाब सोडण्यापासून. घोडा दाबानं शिकत नाही. दाब ज्या क्षणी सुटतो त्या क्षणी तो काय करत होता, ते त्याच्या लक्षात राहतं. पुढचं सगळं यावरच उभं आहे, म्हणून हे उत्तर थोडं लांबवतो.

घोड्याला मागे सरकायला शिकवायचं आहे असं धरा. मोरखीचा दोर हनुवटीखाली धरा आणि छातीच्या दिशेनं हलका दाब द्या. वाढवू नका, सोडू नका, तेवढाच ठेवा. आधी तो मान वर करेल, मग तुमच्या हातावर रेलेल, मग तोंड बाजूला नेईल. तरी हात जागेवरच. थोड्या वेळानं तो वजन मागच्या पायांवर घेईल. पाऊल अजून उचललेलं नसेल, फक्त छाती दोन बोटं मागे गेलेली दिसेल. तेवढ्यातच हात पूर्ण सैल सोडा. दहा सेकंद काही करू नका, त्याला उभं राहू द्या. दुसऱ्यांदा तो लवकर वजन मागे घेईल, पाचव्या-सहाव्या वेळी पाऊल टाकेल. आता समजा तो हातावर रेलला आणि कंटाळून तुम्ही तेव्हाच हात सोडला. मग त्याला रेलायला तुम्हीच शिकवलंत. "घोडा बिघडला" म्हणून येणाऱ्या दहांतल्या आठ तक्रारींत घोडा अगदी नीट शिकलेला असतो, फक्त भलतंच.

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. नवीन गोष्ट एकच घ्यावी, आणि ती जमली की तिथेच थांबावं. अजून एकदा, अजून एकदा करत गेलं की जमलेलं बिघडतं. मागे सरकणं, पुढे चालणं, पुढचा भाग वळवणं, मागचा भाग वळवणं, थांबणं हे पाच धडे जमिनीवरून पक्के झाले की मग लांब दोरावर गोल फिरवायला घ्या. गोल लहान नको, निदान १५ मीटर व्यासाचा हवा, आणि दोन्ही बाजूंना सारखं फिरवा. लहान गोलात कोवळ्या सांध्यांवर ताण येतो.

मारल्याशिवाय घोडा ऐकत नाही, असं आमच्याकडचे जुने लोक म्हणतात.

आपल्याकडे शंकरपटाची हवा मोठी. बैलजोडी पळवताना जो आरडाओरडा चालतो तोच लोक घोड्यावर करून पाहतात. घोडा पळतो खरा, पण भिऊन पळतो, आणि भ्यालेला घोडा थांबवता येत नाही. चाबूक जवळ असू द्या, तो इशारा लांबवण्यासाठी. आधी पोटरीचा हलका दाब, उत्तर नाही आलं तर जिभेचा आवाज, तरी नाही तर चाबकाचा एक स्पर्श, आणि पाऊल पडताच सगळं बंद. हा क्रम कधी न मोडणाऱ्या माणसाला आठ-दहा दिवसांत चाबूक लागेनासा होतो.

काटेरी लगामाबद्दल, म्हणजे तोंडात बसणाऱ्या भागाला काटे असलेल्या लगामाबद्दल, दोन शब्द. यात्रेत अजून मिळतो, आणि "तोंडाचा कडक आहे" म्हणून विकणारा घोड्यासोबत तोही हातात देतो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याखाली १९६५ साली जे नियम झाले, त्यांत काटे किंवा टोकं असलेला लगाम वापरायला मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी तो लगाम फुकटच जातो. जीभ आणि हिरडी एकदा दुखावली की तिथे घट्टे पडतात आणि मग साधा इशारा जाणवतच नाही.

घोडी ट्रॅक्टरला, प्लास्टिकच्या पन्नीला बुजते. सवय कशी लावू?

तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही कडांना आहेत, जवळजवळ चहूबाजूचं दिसतं. फक्त कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून पन्नी बाजूनं फडफडली की तिला ती तुमच्याआधी दिसते. सवय लावताना वस्तू तिच्याकडे नेऊ नका. ट्रॅक्टर दुसऱ्याला हळू चालवू द्या आणि तुम्ही घोडी घेऊन त्याच्या मागून चाला. आपल्यापासून लांब जाणाऱ्या गोष्टीला घोडा भीत नाही, उलट कुतूहलानं पुढे होतो. दोन-तीन दिवसांत अंतर आपोआप कमी होतं.

रोह्यांचं, म्हणजे नीलगाईंचं, मात्र काही करता येत नाही. तुरीतून अचानक रोही उठला की चांगला शिकलेला घोडाही एक उडी घेणारच. अशा वेळी दोन्ही लगाम ओढून धरले तर तो जास्त घाबरतो. एकच लगाम आपल्या गुडघ्याकडे आणून त्याला गोल वळवा. वळलेला घोडा भरधाव सुटू शकत नाही. हे वळणं आधी शांतपणे घरी शेकडो वेळा झालेलं असावं लागतं, तरच ते अडीनडीला आठवतं. रोह्यांसाठी धुऱ्यावर (बांधावर) झटका मशीनची तार ओढलेली असते, तीही आधी पायी फिरून पाहून ठेवा.

मांड पक्की कशी होईल? दुडकी चालीत मी नुसता आपटतो.

सगळेच आपटतात. दुडकीत तिरपी जोडी एकत्र पडते, पुढचा उजवा आणि मागचा डावा, मग उलट. दर पावलाला पाठ तुम्हाला वर फेकते. त्या फेकण्याला विरोध करून मांड्या आवळल्या की माणूस चिमट्यातून सुटलेल्या साबणासारखा आणखी वर जातो.

पहिले काही आठवडे रिकीब (पाय ठेवायची कडी) काढून ठेवा. कोणीतरी लांब दोरावर घोडा धरावा, तुम्ही खोगिराला किंवा आयाळीला धरून बसावं, लगाम हातात नकोच. फक्त सावकाश चालीवर फिरा. डोळे मिटून मागचा डावा पाय केव्हा पडतो ते ओळखायचा प्रयत्न करा. तो उचलून पुढे येत असतो तेव्हा तुमचं डावं ढुंगण किंचित खाली जातं, टेकला की वर येतं. हे कळायला लागलं की कंबर आपोआप सैल होते. नंतर दुडकीचे दहा-बारा टप्पे, पुन्हा चाल, पुन्हा दहा-बारा टप्पे.

रिकीब लावताना तिची लांबी अशी मोजा: बोटांची टोकं खोगिरावरच्या कडीला लावा, रिकीब काखेत यायला हवी. पायाचा फक्त चवडा रिकिबीत, टाच थोडी खाली. चप्पल घालून बसू नका. पाय आरपार गेला आणि तुम्ही पडलात तर घोडा फरपटत नेतो. थोडी टाच असलेला, तळवा गुळगुळीत असलेला बूट हवा. डोक्याला घोडेस्वारीचं हेल्मेट घाला.

दुडकीत उठत-बसत चालणं त्यानंतर. गोल फिरताना घोड्याचा जो खांदा बाहेरच्या बाजूला आहे तो पुढे जाताना उठायचं, मागे येताना बसायचं. गुडघ्यावर जोर देऊन उठू नका, घोडा फेकतो तेवढंच वर या.

नजर कुठे आहे यावर फार अवलंबून असतं. आयाळीकडे पाहिलं की खांदे पडतात आणि वजन पुढे जातं. पांदणीच्या टोकाला जे बाभळीचं झाड आहे तिकडे पाहा. घोडाही तिकडेच जायला लागतो.

लगाम धरला की घोडा तोंड वर फेकतो. लगाम बदलू का?

आधी दात तपासा. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि दाढांच्या कडा सुरीसारख्या होतात. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून त्या घासून घ्याव्या लागतात. मग खोगीर पाहा. तिसऱ्या नंबरला तुमचा हात. कोपर, हात, लगाम आणि घोड्याचं तोंड एका रेषेत हवं. चालताना घोड्याची मान पुढेमागे होते, तिच्यासोबत तुमचं कोपर उघडलं-मिटलं पाहिजे. हात एका जागी थिजले की दर पावलाला तोंडाला झटका बसतो. लगाम बदलायचा नंबर शेवटचा, आणि बहुतेक वेळा तो येतच नाही.

खोगीर बरोबर बसलं आहे हे कसं ओळखायचं?

अर्धा तास स्वारी करून खोगीर उतरवा आणि लगेच पाठ पाहा. खोगिराखाली सगळीकडे सारखा घाम आलेला असावा. ओल्या भागात मध्येच कोरडा ठिपका दिसला तर तिथे खोगीर रुततं आहे. त्या जागी आधी केस मोडतात, मग पांढरे उगवतात. यात्रेत घोडा पाहताना पाठीवरचे असे पांढरे ठिपके शोधा, जुन्या मालकाची सगळी कहाणी तिथे असते. कण्यावर दोन-तीन बोटं जागा मोकळी हवी, बसल्यावरसुद्धा. तंग एका दमात आवळू नका. बरेच घोडे त्या वेळी पोट फुगवतात. थोडा आवळा, चार पावलं चालवा, मग पुन्हा आवळा.

घोडी चढूच देत नाही, पाय रिकिबीत टाकला की पुढे निघते.

धुऱ्याच्या दगडावरून किंवा ओट्यावरून चढा. जमिनीवरून चढताना खोगीर एका बाजूला ओढलं जातं, पाठ पिळते, आणि तिला ते नको असतं. पुढे निघाली की शांतपणे तिथेच मागे आणून पुन्हा उभी करा. उभी राहिली की पाय काढून घ्या, चढू नका. असं होत गेलं की उभं राहिल्यानं ताण जातो हे तिला समजतं. चढल्याबरोबर निघायची सवयही मोडा, वर बसून एक मिनिट नुसतं थांबा.

उन्हाळ्यात शिकवणं बंद ठेवावं का?

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो तेव्हा काम सकाळी सातच्या आत उरका. जड काम नको. वर सांगितलेल्या १९६५ च्या नियमांत, तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ गाडी ओढायला किंवा ओझं वाहायला जनावर लावू नये असंही आहे. दुपारच्या वरातीची सुपारी घेणाऱ्यांनी हे नवरीकडच्यांना आधीच सांगावं.

काम थांबवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत श्वास खाली आला नाही, नाकपुड्या फुललेल्याच राहिल्या, तर थर्मामीटर लावा. निरोगी घोड्याचं तापमान ९९ ते १०१ फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं की सावलीत न्या, सगळ्या अंगावर पाणी ओतत राहा, आणि डॉक्टरांना बोलवा. गरम घोड्यावर गार पाणी टाकू नये, त्याला पाणी पाजू नये, हे दोन्ही समज सोडून द्या. घाम येणंच बंद झालं असेल तर ते धोक्याचं आहे. घोड्याच्या घामातून मीठ फार जातं, म्हणून रोजच्या दाण्यात चमचाभर साधं मीठ घाला आणि मिठाचा खडा टांगून ठेवा.

बैलांना जे घालतो तेच घोड्याला चालतं ना?

सगळं नाही. बैलाला चार कप्प्यांचं पोट आहे, रवंथ आहे. घोड्याचं पोट लहान आणि त्याला ओकता येत नाही. थोडं थोडं, दिवसभर खाणं ही त्याची तऱ्हा. अडीचशे किलोच्या घोड्याला रोज चार-पाच किलो कोरडा चारा तरी हवा. ज्वारीचा वाळलेला कडबा कुट्टी करून, गवत, थोडं हरभऱ्याचं कुटार चालतं. दाणा एका वेळी किलोभराच्या वर नको.

हिरवी ज्वारी देऊ नका. घोड्याचं मूत्राशय सुजतं आणि मागचे पाय लुळे पडू शकतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे लाखोळी (लाखेची डाळ) सहज मिळते, तीही नको. लाखोळीनं घोड्याचे मागचे पाय जातात, श्वास घरघरतो. पावसात भिजून बुरशी आलेलं सोयाबीनचं कुटार आणि बुरशीचा मका उकिरड्यावर टाका. आणि पोल्ट्रीचं खाद्य घोड्याच्या आसपासही ठेवू नका. कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिनसारखं औषध घातलेलं असतं, कोंबडीला ते मानवतं, घोड्याचं हृदय बंद पाडतं. काही पशुखाद्यातही ते असतं, पोत्यावरचं वाचा.

घोडा लोळतो, पोटाकडे वळून पाहतो, पाय आपटतो.

पोटशूळ. चारा काढून घ्या, डॉक्टरांना लगेच फोन करा. सरकारी फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा नंबर आहे. बाटलीनं तेल पाजू नका. ते फुप्फुसात गेलं तर पोटातून वाचलेला घोडा निमोनियानं जातो. डॉक्टर येईपर्यंत लीद शेवटची केव्हा पडली, पाणी किती प्यायला, हे आठवून ठेवा.

काळ्या मातीत पावसाळ्यात काय करायचं?

स्वारी कमी. चिकट माती नाल ओढून काढते आणि पायाला मुरगळ देते. रोज खूर साफ करा, मधल्या मऊ भागाला कुजका वास आला तर कोरड्या जागी बांधा. मोठ्या चावऱ्या माश्यांतून सर्रा पसरतो. ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांना सूज, अंग सुकत जातं. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. उन्हाळ्यात उलट, वावराला भेगा पडतात आणि पऱ्हाटीची कापलेली खुंटं टोकदार उभी राहतात. त्या वावरात दौड नाही. धनुर्वाताची लस घोड्याला आणि स्वाराला दोघांना हवी.

वरातीत नाचणारी घोडी शिकवायची आहे.

डीजेच्या भिंतीसमोर घोडी पाय उचलते ते बहुतेक वेळा भीतीनं. लगाम आवळून आणि टाच मारून एकाच वेळी थांब आणि चल सांगितलं की तिच्यापुढे उड्या मारण्यावाचून इलाज राहत नाही. पाय उचलणं जमिनीवरून, हलक्या स्पर्शावर, शांत जागी शिकवता येतं. सहा महिने लागतात. घाई असेल तर घोडी फक्त सजवून चालवा, वऱ्हाडी तेवढ्यावरही खूश असतात.

यात्रेतून घोडा घेताना काय पाहावं?

अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून किमती वर-खाली होतात. त्यात पडायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी पायांकडे पाहतो. कडक जमिनीवर दुडकीत पळवायला लावा. पुढच्या दुखऱ्या पायावर वजन आलं की डोकं वर जातं. विकणारा कडक जमीन टाळत असेल तर तुम्हीही तो घोडा टाळा.

ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याचा कागद मागा. हा रोग माणसालाही होतो, घोड्यात त्यावर उपचार करत नाहीत, आजारी जनावर शासकीय नियमाप्रमाणे मारावं लागतं. नाकातून चिकट स्राव आणि कातडीवर गाठींची माळ दिसली तर हात लावू नका. नवीन घोडा घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळा बांधा, त्याची बादलीही वेगळी.

मुलांना कितव्या वर्षी बसवावं? मुलीला शिकवू का?

सात-आठ वर्षांपासून, शांत घोड्यावर, दोर धरणारा मोठा माणूस सोबत असेल तर. मुली सहसा लवकर शिकतात, ताकदीवर भिस्त नसल्यामुळे हात हलका राहतो.

एकच कोठा आहे. घोडा बैलांच्या शेजारी बांधला तर चालेल?

चालेल, एकटा ठेवण्यापेक्षा बरंच. घोडा कळपाचं जनावर, त्याला शेजार लागतो. मध्ये आडवी बल्ली टाका म्हणजे शिंग लागणार नाही. गव्हाण वेगळी करा, नाहीतर बैलांची ढेप खाऊन बसेल. दोर खांद्याच्या उंचीवर, दोन हात लांबीचा, आणि एका झटक्यात सुटेल अशा गाठीचा.